साडेतीन की पाच : एमडीएसच्या एका रुग्णाचं भाकीत कसं ठरलं

रुग्ण ६४ वर्षांचे, दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. घरात आणि गावात त्यांना नाना म्हणतात, म्हणून इथंही नानाच. ओळख पटू नये इतपत बाकीचे तपशील बदलले आहेत. आजार मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, थोडक्यात एमडीएस. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, जिथं रक्तपेशी तयार होतात तिथंच हा बिघाड असतो. पेशी बनतात, पण धड बनत नाहीत. बऱ्याचशा रक्तात उतरायच्या आधीच मरून जातात. त्यामुळे मॅरो गच्च भरलेला आणि रक्तात मात्र टंचाई, असं उलटं चित्र दिसतं. काही रुग्णांमध्ये पुढे याचाच ॲक्युट मायलॉइड ल्युकेमिया होतो.

एमडीएस एकच आजार नव्हे. कुणी दहा-दहा वर्षं अधूनमधून रक्त घेत शेती-नोकरी सांभाळतो, कुणी वर्षभरात हातचा जातो. दोघांच्या कागदावर निदान तेच लिहिलेलं असतं. म्हणून या आजारात पुढे काय होईल याचा अंदाज ही उपचारांची पहिली पायरी ठरते. इंजेक्शन कोणतं, कधी, मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार आत्ता करायचा की थांबायचं, हे सगळं त्या अंदाजावर बेततं. अंदाज एक पायरी चुकला तर उपचारांचा रस्ताच बदलतो. नानांच्या बाबतीत तो चुकण्याच्या बेतात होता, आणि कारणं अगदी साधी होती. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तेच.

सुरुवात

एप्रिलच्या खरड छाटणीच्या दिवसांत नानांना बागेत दोन ओळी चालल्या तरी दम लागू लागला. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी, लाल पेशींचा आकार मोठा, एमसीव्ही १०८. त्यांनी बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली आणि ते बरोबरच होतं. माळकरी घर, आयुष्यभर शाकाहार. आपल्याकडे बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आहे की तिचा विचार आधी व्हायलाच हवा. शिवाय बी-१२ फार कमी झालं की मॅरोतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली थेट एमडीएससारख्या वेड्यावाकड्या दिसू शकतात. तीच गत फोलेट आणि तांब्याच्या कमतरतेची, दारूची, काही औषधांची, एचआयव्हीची. या सगळ्याची चाळणी लावल्याशिवाय एमडीएस हे नाव कागदावर लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

कमतरता बी-१२ ची असेल तर इंजेक्शनांनंतर आठवड्याभरात नव्या लाल पेशी वाढताना दिसतात आणि दोनेक महिन्यांत हिमोग्लोबिन जागेवर येतं. नानांचं हललंच नाही. जुलैत ते ७.१ वर आलं. पांढऱ्या पेशी २,९००, त्यातल्या न्यूट्रोफिल १,१००, प्लेटलेट ७८,०००. एका रुग्णालयात दोन पिशव्या रक्त चढवलं, हिमोग्लोबिन ९.१ झालं, आणि दोन दिवसांनी मॅरोची तपासणी झाली. अहवालात होतं : लाल पेशी आणि प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींची घडण सदोष, ब्लास्ट म्हणजे अगदी कोवळ्या, अपरिपक्व पेशी ४ टक्के. खाली बारीक अक्षरांत एक ओळ : नमुन्यात रक्त जास्त, मॅरोचे कण नाहीत. गुणसूत्रांच्या तपासणीचा निकाल आलाच नव्हता. पेशी वाढवायला ठेवल्या, पण वाढल्या नाहीत.

मुलगा नाशिकच्या अंबडला कारखान्यात इंजिनिअर. हुशार, वडिलांवर जीव असलेला. त्यानं इंटरनेटवरचं आयपीएसएस-आरचं, म्हणजे एमडीएसचा धोका मोजणाऱ्या मोजपट्टीचं, कॅल्क्युलेटर उघडलं, अहवालातले आकडे भरले, गुणसूत्रांच्या जागी ‘नॉर्मल’ निवडलं. उत्तर आलं ३.५, गट मध्यम, निम्मे रुग्ण तीन वर्षांपेक्षा जास्त जगतात. त्यानं वडिलांना सांगितलं, ‘तीन वर्षं तरी काळजी नाही.’

ऑगस्टमध्ये फाइल नाशिकला आमच्याकडे आली ती या आकड्यासकट.

३.५ कुठून आला

आयपीएसएस ही एमडीएसच्या अंदाजाची मोजपट्टी पहिल्यांदा १९९७ मध्ये आली. २०१२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, तीच आयपीएसएस-आर. ती ७,०१२ रुग्णांच्या नोंदींवरून बेतलेली आहे. पाच गोष्टींना गुण मिळतात. गुणसूत्रांतला बिघाड : ० ते ४. मॅरोतल्या ब्लास्ट : २ टक्क्यांपर्यंत ०, त्यापुढे पण ५ च्या आत १, ५ ते १० ला २, त्याहून जास्त असतील तर ३. हिमोग्लोबिन १० किंवा वर असेल तर ०, ८ ते १० मध्ये १, ८ च्या खाली दीड. प्लेटलेट एक लाखाच्या खाली अर्धा गुण, पन्नास हजारांच्या खाली एक. न्यूट्रोफिल ८०० च्या खाली असतील तर अर्धा.

बेरीज दीडपर्यंत असेल तर धोका अगदी कमी, ३ पर्यंत कमी, साडेचारपर्यंत मध्यम, ६ पर्यंत जास्त, त्यापुढे फार जास्त. मूळ नोंदींत या पाच गटांचा मध्यक आयुष्यकाळ, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, अनुक्रमे ८.८, ५.३, ३, १.६ आणि ०.८ वर्षं होता.

मुलाचं गणित बरोबर होतं. गुणसूत्रं नॉर्मल म्हणून १, ब्लास्ट ४ टक्के म्हणून १, हिमोग्लोबिन ९.१ म्हणून १, प्लेटलेट ७८,००० म्हणून अर्धा, न्यूट्रोफिलचा शून्य. एकूण साडेतीन. आणि साडेतीन हा आकडा उंबरठ्यावरचा आहे. मध्यम गटातल्या रुग्णांना कोणत्या बाजूला धरायचं हे ठरवताना बरेच तज्ज्ञ ३.५ हीच सीमा मानतात : तिथपर्यंत कमी धोका, त्यापुढे जास्त. कमी धोक्याच्या बाजूला उपचार म्हणजे रक्त वाढवणारी इंजेक्शनं, गरजेनुसार रक्त, आणि लक्ष ठेवणं. जास्त धोक्याच्या बाजूला ॲझासिटिडिन हे आजाराची चाल बदलणारं औषध आणि ट्रान्सप्लांट. नाना उंबरठ्याच्या अलीकडे उभे होते, आणि ज्या पाच आकड्यांनी त्यांना तिथं उभं केलं होतं त्यांपैकी तीन आकडे भरवशाचे नव्हते.

पहिला हिमोग्लोबिनचा. ९.१ मधला दोन ग्रॅमचा भाग दुसऱ्या कुणाचा होता, दोन रक्तदात्यांचा. मोजपट्टीला हवं असतं नानांच्या मॅरोची स्वतःची कुवत, म्हणजे रक्त चढवण्याआधीचा आकडा. तो ७.१. एक गुण नाही, दीड.

दुसरा ब्लास्टचा, आणि इथं जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा याच आकड्यात होतो. मॅरो ओढताना सुईतून येणारा पहिला अर्धा मिलिलिटर खरा. त्यानंतर ओढत राहिलं की साधं रक्त मिसळत जातं आणि ब्लास्टचं प्रमाण पातळ होतं. वेगवेगळ्या तपासण्यांसाठी चार नळ्या भरायच्या असतात, आणि काच-पट्टीवर पसरायचा थेंब शेवटच्या नळीतला निघाला की अहवाल तिथंच बिघडला. शिवाय किती पेशी मोजल्या हाही प्रश्न आहे. त्या अहवालासाठी १०० पेशी मोजल्या होत्या. शंभरात चार सापडल्या तर संख्याशास्त्राच्या नियमानं खरं प्रमाण १ ते १० टक्क्यांमध्ये कुठंही असू शकतं. म्हणजे ‘४ टक्के’ या उत्तरात शून्य गुणापासून दोन गुणांपर्यंत सगळं मावतं. ५०० पेशी मोजाव्यात असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात ती याचसाठी. काम कंटाळवाणं आहे, डोळ्यांना त्रास देणारं आहे, पण रुग्णाच्या उपचारांचा रस्ता ज्या आकड्यावर फुटतो त्याला एवढा वेळ द्यायलाच हवा.

तिसरा गुणसूत्रांचा. न मिळालेला निकाल म्हणजे नॉर्मल निकाल नव्हे. ही तपासणी जिवंत पेशींवर होते. हेपरिनच्या नळीतला नमुना, फार गरम नाही, गोठवलेला तर अजिबात नाही, शक्यतो चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचलेला लागतो. नाशिकहून नमुना मुंबईला जातो. मधे रविवार आला, कुरिअरचा डबा उन्हात राहिला, की पेशी वाटेतच मरतात. जी माहितीच हातात नाही तिच्या जागी सोयीचं उत्तर भरलं की कॅल्क्युलेटर तक्रार करत नाही.

पुन्हा सुई

दुसऱ्यांदा मॅरो काढायचं म्हटल्यावर घरात विरोध झाला. नानांच्या पत्नी, त्यांना सगळे काकू म्हणतात, घाबरल्या होत्या. ‘मणक्यातलं पाणी काढतात, माणूस लुळा पडतो, असं आमच्या जाऊबाई म्हणत होत्या.’ ही भीती इथं दर आठवड्याला ऐकू येते. तिच्यावर चिडून उपयोग नाही. मी काकूंना त्यांच्याच कमरेवर हात ठेवायला लावून दाखवलं : मणका इथं, आणि आम्ही सुई घालतो ती इथं, कमरेच्या मागच्या हाडात, मज्जारज्जूपासून लांब. जागा बधिर करतो. ओढताना काही क्षण कळ येते, ती येतेच, ते लपवत नाही.

मंगळवारी सकाळी तपासणी केली. पहिला थेंब थेट काच-पट्ट्यांवर, मग गुणसूत्रांची नळी, मग जनुकांची, आणि सोबत हाडाचा तुकडा. गुणसूत्रांची नळी दुपारच्या आत गाडीनं कसारा घाट उतरली. आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी ५०० पेशी मोजल्या. ब्लास्ट ३५, म्हणजे ७ टक्के. हाडाच्या तुकड्यावर केलेल्या सीडी-३४ च्या, म्हणजे ब्लास्ट उठून दिसाव्यात म्हणून करतात त्या रंगणीतही प्रमाण जुळलं. गुणसूत्रांच्या तपासणीत या वेळी २० पेशी मिळाल्या आणि त्या वीसही नॉर्मल निघाल्या. मुलाचा अंदाज इथं खरा ठरला, पण आता तो अंदाज राहिला नव्हता.

नवी बेरीज : गुणसूत्रं १, ब्लास्ट २, हिमोग्लोबिन दीड, प्लेटलेट अर्धा, न्यूट्रोफिल शून्य. एकूण पाच. गट जास्त धोक्याचा. मध्यक ३ वर्षांवरून १.६ वर्षांवर आला. या गटातल्या एक चतुर्थांश रुग्णांना ल्युकेमिया व्हायला मूळ नोंदींत साधारण १.४ वर्षं लागली होती. ब्लास्ट दुरुस्त केल्या आणि हिमोग्लोबिन मात्र ९.१ च ठेवलं असतं, तर बेरीज साडेचार होऊन नाना मध्यम गटातच राहिले असते. दोन पिशव्या रक्तानं एक पूर्ण गट बदलला असता. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला या प्रकरणावरून दाखवतो : सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या अहवालावर, तारीख बघा, आणि त्या तारखेआधी रक्त कधी चढलं होतं ते विचारा.

मुलानं एक चांगला प्रश्न विचारला : वयाचं काय? आयपीएसएस-आरला वयाची जोड देणारं एक सूत्र आहे : वयातून ७० वजा करायचे आणि उत्तराला ‘०.०५ वजा, गुणसंख्या गुणिले ०.००९’ या आकड्यानं गुणायचं. नानांसाठी ते येतं उणे ०.०३. म्हणजे काहीच नाही. सूत्राची रचनाच अशी आहे की गुणसंख्या जसजशी वाढते तसतसं वयाचं वजन घटतं. धोका कमी असलेल्या माणसाचं भवितव्य बरंचसं वय ठरवतं, धोका जास्त असला की आजारच ठरवतो.

जनुकांचा अहवाल

२०२२ मध्ये आयपीएसएस-एम आली. २,९५७ रुग्णांच्या नमुन्यांवरून तयार झालेली ही मोजपट्टी रक्ताच्या आकड्यांबरोबर ३१ जनुकांतले बदल धरते आणि पाचऐवजी सहा गट करते. तिच्या मूळ अभ्यासात ४६ टक्के रुग्णांचा गट आयपीएसएस-आरच्या तुलनेत बदलला, हे लहानसहान नाही. गुणसूत्रं नॉर्मल असलेल्यांमध्ये तिचा उपयोग जास्त, कारण ढोबळ तपासणीत न दिसणारं नुकसान इथं दिसतं. टीपी-५३ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असणं, एफएलटी-३ मधला बदल, एमएलएल जनुकातली पुनरावृत्ती, ही सगळ्यात वाईट लक्षणं. उलट एसएफ-३बी-१ मधला बदल एकटा असेल तर सहसा चांगली बातमी.

तपासणी खर्चिक आहे आणि निकालाला काही आठवडे लागतात. प्रत्येक रुग्णाला ती करावी असं मी म्हणणार नाही. ऐंशी वर्षांच्या, हृदय कमजोर असलेल्या आजोबांचे उपचार तिच्यानं बदलत नसतील तर ते पैसे रक्तासाठी आणि येण्याजाण्यासाठी राहू द्यावेत. नाना ट्रान्सप्लांटच्या वयात बसत होते, म्हणून केली.

टीपी-५३ शाबूत होतं. एफएलटी-३, एमएलएल ठीक. बदल सापडले एएसएक्सएल-१, एसआरएसएफ-२ आणि एसटीएजी-२ या तीन जनुकांत. आयपीएसएस-एमचा गट : जास्त धोका, सहांपैकी पाचवा. त्या गटाचा मध्यक आयुष्यकाळ १.७ वर्षं. दोन्ही मोजपट्ट्या एकाच जागी येऊन थांबल्या. इथं एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आयपीएसएस-एममध्येही हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि ब्लास्ट आहेतच, आणि त्या तिथं पायऱ्यांनी नाही तर सलग आकड्यांनी मोजल्या जातात. पातळ नमुना आणि चढवलेलं रक्त तिथंही तितकंच फसवतं. महागडा अहवाल स्वस्त चूक भरून काढत नाही.

मधल्या काळात नानांनी विचारलं होतं, ‘तीस वर्षं औषधं मारली बागेला, त्यानं झालं का हे?’ बेंझिनचा आणि या आजारांचा संबंध पक्का आहे, आणि कीटकनाशकांशी सतत संपर्क येणाऱ्यांमध्ये एमडीएसचं प्रमाण काहीसं जास्त आढळल्याचे अभ्यासही आहेत. पण एका माणसाच्या आजाराचं कारण त्यावरून ठरवता येत नाही. कोणत्याही मोजपट्टीत या माहितीला गुण नाहीत. मी त्यांना तेवढंच सांगितलं. मुलाला मात्र वेगळं बजावलं : फवारणीला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि घरी आल्यावर आधी अंघोळ.

सांगायचं कसं

निकाल आल्यावर मुलगा आधी एकटा आला. ‘डॉक्टर, नानांना आकडा सांगू नका. ते खचतील.’ अशी विनंती आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरातून येते आणि ती प्रेमापोटीच असते. मी तिला सरसकट नकार देत नाही, पण वचनही देत नाही. मी रुग्णाला विचारतो की त्याला किती ऐकायचं आहे, आणि त्याच्या उत्तराच्या मागे जातो.

नानांना नेमकं ऐकायचं होतं, कारण त्यांना एक निर्णय घ्यायचा होता. त्यांची दीड एकर थॉम्पसनची बाग जुनी झाली होती. काढणीनंतर ती तोडून फेब्रुवारीत डॉगरिजची खुंटरोपं लावायची, पावसाळा सरता सरता कलमं भरायची, मंडप, तारा, ठिबक नव्यानं करायचं, असा बेत होता. खर्च एकरी काही लाखांत. पहिलं पीक हाती यायला सुमारे दोन वर्षं. ‘डॉक्टर, एवढंच सांगा. बाग तोडू का राहू देऊ? कर्ज काढायचंय. मी नसलो तर ते पोराच्या बोकांडी बसंल.’

मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याला वाटत होतं नानांना काही कळलेलं नाही. नाना त्याच्याही पुढचा हिशेब करत होते.

मी त्यांना १.६ हा आकडा तसाच सांगितला नाही. मध्यक म्हणजे मुदत नव्हे, पण एकटा आकडा सांगितला की माणूस तो मुदत म्हणूनच घरी नेतो. मी असं सांगितलं : ‘नाना, तुमच्यासारखे शंभर जण धरले आणि कुणालाच औषध दिलं नाही, तर साधारण दीड-पावणेदोन वर्षांत निम्मे गेलेले असतात. उरलेले निम्मे त्यापुढे जगतात, काही बरेच पुढे. त्या शंभरांत तुम्ही कुठं आहात हे मला दिसत नाही.’ मग पट्टा सांगितला. अशा आजारांत साधारण निम्मे रुग्ण मध्यकाच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंतच्या काळात मोडतात, असा खाटेजवळ वापरायचा एक ठोकताळा आहे. नानांसाठी तो दहा महिन्यांपासून सव्वातीन वर्षांपर्यंत येतो. उरलेल्या निम्म्यांतले काही त्याच्या आधी जातात, काही त्याच्या पुष्कळ पुढे जातात.

नाना थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे जिल्ह्याचा पाऊस सांगितल्यासारखं. धो धो पावसाची इगतपुरी बी त्यात अन् कोरडं येवला बी त्यातच.’ मी यापेक्षा चांगलं सांगू शकलो नसतो.

पुढची गोष्ट तितकीच महत्त्वाची होती. आयपीएसएस-आरचे आकडे मुद्दाम अशा रुग्णांचे घेतलेले आहेत ज्यांना आजाराची चाल बदलणारे उपचार मिळाले नव्हते. ते ‘काहीच केलं नाही तर’चे आकडे आहेत. आणि काही केलं तर? ॲझासिटिडिनची मोठी चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. जास्त धोक्याच्या ३५८ रुग्णांमध्ये मध्यक आयुष्यकाळ नेहमीच्या उपचारांवर १५ महिने आणि ॲझासिटिडिनवर २४.५ महिने होता. दोन वर्षांनी हयात होते नेहमीच्या उपचारांवर २६ टक्के आणि ॲझासिटिडिनवर जवळजवळ ५१ टक्के. नानांचा प्रश्न दोन वर्षांचाच होता, म्हणून हा आकडा त्यांना थेट लागू पडत होता. चाचणीबाहेरच्या रुग्णांच्या नोंदींत इतके चांगले निकाल सहसा आलेले नाहीत. मी तेही सांगितलं.

ॲझासिटिडिन आजार मुळासकट काढत नाही. ते काम फक्त दुसऱ्याच्या मॅरोचं. ५० ते ७५ वयाच्या, जास्त धोक्याच्या एमडीएस रुग्णांवर अमेरिकेत झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात जुळणारा दाता मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची तुलना केली. तीन वर्षांनी हयात : दाता असलेल्या गटात ४७.९ टक्के, नसलेल्या गटात २६.६. म्हणजे दाता असूनही निम्म्याहून थोडे जास्त जण तीन वर्षांत गेलेच, काही आजारानं, काही खुद्द ट्रान्सप्लांटच्या त्रासानं. ट्रान्सप्लांट करा म्हणताना हे झाकून ठेवणं मला पटत नाही. काकूंनी विचारलं, ‘मग तुम्ही काय कराल, तुमचे वडील असते तर?’ मी म्हणालो, दाता शोधेन. जुळला आणि तब्येत साथ देत असली, तर नेईन.

पुढे काय झालं

ॲझासिटिडिन नाशिकमध्येच सुरू केलं. दर २८ दिवसांनी सात दिवस पोटाच्या त्वचेखाली इंजेक्शन. शनिवारी-रविवारी डे-केअर बंद, म्हणून पाच दिवस, मग दोन सुट्टी, मग उरलेले दोन. दिंडोरीहून येणं-जाणं जमण्यासारखं होतं. या औषधाची परीक्षा पहिल्या महिन्यात घ्यायची नसते. पहिल्या दोन चक्रांत पेशी उलट घसरतात, रक्त जास्त लागतं, आणि नेमक्या याच टप्प्यावर कित्येक घरं धीर सोडतात. गुण यायला चार ते सहा चक्रं लागू शकतात, हे मी पहिल्याच दिवशी फाइलच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. दुसऱ्या चक्रानंतर ताप येऊन नाना दवाखान्यात दाखल झाले. न्यूट्रोफिल ४०० पर्यंत गेल्या होत्या. अँटिबायोटिकवर बरे झाले.

दात्यासाठी भाऊ आणि बहीण दोघांची एचएलए, म्हणजे पेशी जुळतात का हे पाहणारी, तपासणी केली. सख्ख्या भावंडांत प्रत्येकाची पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, दोघांपैकी निदान एक जुळण्याची शक्यता ४४ टक्के. भाऊ जुळला नाही. सिन्नरला दिलेली धाकटी बहीण, वय ५८, पूर्ण जुळली. नाना स्वतः मधुमेही, गोळ्यांवर. हृदय आणि फुप्फुसं चांगली. सहव्याधींच्या मोजपट्टीवर त्यांचा एकच गुण झाला, मधुमेहाचा.

चार चक्रांनंतर मॅरो पुन्हा पाहिला. ब्लास्ट ३ टक्के, पुन्हा ५०० पेशी मोजूनच. प्लेटलेट १,१२,०००. रक्त आता सहा आठवड्यांतून एखादी पिशवी. मुलानं लगेच विचारलं, आता स्कोअर किती? नवे आकडे घालून बेरीज नक्कीच खाली येते, पण तो मध्यक त्यांना लागू होत नाही. ती मोजपट्टी निदानाच्या वेळच्या, उपचार न घेतलेल्या रुग्णासाठी बनलेली आहे. औषधानं ब्लास्ट दबल्या म्हणून तीन जनुकांतले बदल गेले असं होत नाही. या निकालाचा अर्थ वेगळा आणि मर्यादित आहे : औषध लागू पडलं, आणि ट्रान्सप्लांटला जायची वेळ हीच, आजार दबलेला असताना. आणखी दहा चक्रं घेत बसलं तर बहुतेकांमध्ये औषधाचा जोर कधीतरी ओसरतो, आणि मग ती वेळ परत येत नाही.

नानांनी बाग तोडली नाही. जुनीच बाग या हंगामाला ठेवली आणि काढणी एका पुतण्याकडे वाट्यानं दिली. कर्जाचे कागद बँकेतून परत आणले. ट्रान्सप्लांट मुंबईला होणार आहे. पहिले सुमारे शंभर दिवस रुग्णालयाच्या जवळ राहावं लागेल, त्यासाठी मुलानं कंपनीत बिनपगारी रजेचा अर्ज दिला आहे. काकू सोबत राहतील. खर्चासाठी योजनेचं कार्ड, धर्मादाय मदत आणि भावकीतून उभे केलेले पैसे, असं तिन्हीकडून चाललं आहे. वारंवार रक्त घेतल्यानं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, १,४०० वर गेलंय, ते मुंबईच्या डॉक्टरांना कळवलं आहे.

बहिणीची तपासणी अजून पूर्ण व्हायची आहे. पन्नाशी ओलांडलेल्या दात्याच्या स्वतःच्या मॅरोतही कधीकधी एएसएक्सएल-१ सारखे बदल शांतपणे साठलेले असतात, म्हणून तिचाही जनुकांचा अहवाल मागवला आहे. तो स्वच्छ आला तर दाती तीच. नाही आला तर मुलाच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींचा विचार करावा लागेल, आणि तेव्हा वर दिलेला ४७.९ चा आकडा नानांना तसाच्या तसा सांगता येणार नाही, कारण तो पूर्ण जुळणाऱ्या दात्यांचा आहे. पाचवं चक्र सोमवारपासून सुरू होतंय.